अकरा वर्षांचं लसणाचं पाणी

३ जुलै, गुरुवार

गवत पाच मिलिमीटर. पाऊस नाही, सलग एकविसावा दिवस.

एवढं क्लबच्या नोंदवहीत लिहिलं. बाकीचं इथे लिहितो, कारण ती नोंदवही मॉरिस बेब वाचतो. मॉरिस आमचा अध्यक्ष. त्याला वाईट बातमी कळली की दुपारपर्यंत ती पबमध्ये पोचलेली असते.

सकाळी सहाला मैदानाचं फाटक उघडलं तर पबच्या बाजूचा कोपरा उलथलेला. हात-दीड हात लांबीच्या गवताच्या पट्ट्या, चटई गुंडाळावी तशा मागे सारलेल्या, आणि खालची माती नखांनी उकरलेली. बॅजर, ओढ्याकाठच्या बिळांत राहणारी, रात्री चरायला निघणारी ती काळ्या-पांढऱ्या तोंडाची जनावरं. पाच बोटं एका रांगेत आणि त्यांच्या पुढे लांब नखांची टोकं, असा पंजा दुसऱ्या कोणाचा नसतो. हुमणीच्या अळ्या शोधत आले असणार.

अकरा वर्षं मी हे मैदान सांभाळतोय. अकरा वर्षांत एक नख लागलं नव्हतं. स्ट्रेफर्डचं मैदान दोनदा उकरलं, विस्टनवाल्यांचं तर दरवर्षी. आमचं नाही. त्याचं कारण माझं लसणाचं पाणी. दर पंधरवड्याला चार गड्डे ठेचून बादलीत भिजवतो आणि मैदानाच्या कडेकडेने शिंपडतो. त्यावर मी जिल्हा संघाच्या पत्रकात लेख लिहिला आहे, भाषणही दिलं आहे. चाळीस लोक होते. प्रश्नोत्तरं अर्धा तास चालली.

आज दुप्पट शिंपडलं.

घरी येऊन बायकोला, ग्लेनिसला, सांगितलं. ती भांडी धूत होती. हात न थांबवता म्हणाली, "किती जण होते?"

"मला काय माहीत? हजेरी घेतली नाही मी."

"ठसे बघितलेस ना? त्यात एक मागचा पाय ओढलेला होता का?"

हिचे प्रश्न म्हणजे. मी म्हटलं, माझं मैदान गेलंय, कोणाचा पाय दुखतोय ते बघायला मी डॉक्टर नाही.

४ जुलै

कोपरा बसवला. पट्ट्या ओल्या करून जागेवर ठेवल्या, फटींत चाळलेली माती भरली, फळीने ठोकल्या. दोन आठवड्यांत कळणारही नाही.

सोळा ऑगस्टला जिल्हा चषकाचा अंतिम सामना आमच्याकडे आहे. क्लबला शंभर वर्षं झाली म्हणून पत्रांवर पत्रं लिहून मिळवला. पब आणि मैदान ज्या कंपनीचं आहे तिला मैदानाच्या जागी मोटारी उभ्या करायच्या आहेत. आमचा करार सप्टेंबरात संपतो. कंपनीचा माणूस सामना बघायला येणार आहे. सगळं नीट झालं तर आणखी दहा वर्षं, नाही तर डांबर. आम्ही एकोणीस सभासद उरलोत आणि त्यातल्या सात जणांच्या छातीत बॅटरीवरचं यंत्र आहे. दुसऱ्या गावच्या मैदानावर खेळायला यातलं कोणी जाणार नाही. क्लब संपेल.

आमच्या या लॉन बोल्सच्या खेळाला माझा जावई म्हाताऱ्यांच्या गोट्या म्हणतो. पिवळा छोटा गोळा पुढे सोडायचा आणि आपले जड गोळे घरंगळवत त्याच्या जवळात जवळ नेऊन ठेवायचे, यात काय मोठंसं, असं त्याला वाटतं. एकदा खेळून बघ म्हणावं. मैदान मध्ये फुगीर असतं. गवतात नाण्याएवढा जरी खळगा असला तरी गोळा भलतीकडे जातो.

कौलांचा कारखाना बंद पडला आणि मी घरी बसलो, त्या हिवाळ्याबद्दल मी या वहीत लिहीत नाही. मार्चमध्ये मैदानाची चावी हातात आली. एवढं पुरे.

९ जुलै

पुन्हा आले. या वेळी लांबच्या कडेला चार हात. वर झुडपांच्या कुंपणाशी छोटे छोटे खड्डे करून त्यात घाण करून ठेवली आहे. ही त्यांची हद्द आखायची पद्धत. माझ्या मैदानावर येऊन माझ्याच कुंपणाशी हद्द आखतात.

लसूण संपला. ग्लेनिसला म्हटलं, दुकानातून दोन किलो आण. ती म्हणाली, "नेव्ह, लसणाने काही होत नसेल तर?"

"अकरा वर्षं झालंच ना?"

ती पिशवी घेऊन दुकानाकडे निघाली. एप्रिलपासून जरा घुम्यासारखीच आहे. मागच्या दारच्या फाटकापाशी मला उंदीर दिसले, तेव्हा मी तिचं पक्ष्यांना दाणे घालायचं प्रकरण बंद केलं होतं. अर्धं पोतं शेंगदाणे गाडीत टाकून कचराकेंद्रावर देऊन आलो. पंचवीस किलोचं पोतं, चिमण्यांना. ती म्हणाली होती, "ते राहू दे, नेव्ह." मी म्हटलं, एक तर उंदीर नाही तर मी. उत्तर द्यायला तिने जरा जास्तच वेळ घेतला.

१५ जुलै

आज समितीची बैठक. टेड गिटिन्स गायींच्या कुरणाला लावतो ती विजेची तार उसनी द्यायला तयार आहे. जमिनीपासून वीतभर उंचीवर दोन तारा, संध्याकाळी चालू करायच्या, सकाळी बंद. त्यावर मॉरिस म्हणाला, "आणि आपल्यापैकी कोणी विसरून ओलांडायला गेला तर? सात यंत्रं आहेत सभासदांमध्ये. चषकाच्या आधी शोकसभा घ्यायची का?"

मग कोणीतरी म्हणालं की पुरुषमाणसाच्या लघवीच्या वासाने बॅजर फिरकत नाहीत. यावर चाळीस मिनिटं चर्चा झाली. ठराव असा: पबमधून घरी जाताना पुरुष सभासदांनी आतल्या सोयीऐवजी मैदानाच्या कुंपणाचा लाभ घ्यावा. सात विरुद्ध दोन मतांनी मंजूर. मिसेस बेब चिटणीस आहेत, त्यांनी हे इतिवृत्तात कसं लिहावं ते मॉरिसला विचारलं. मॉरिस म्हणाला, "नैसर्गिक उपाय, असं लिही."

ग्लेनिसला सांगितलं तर खूप दिवसांनी हसली. हसता हसता डोळे पुसायला लागली आणि मग पुसतच राहिली. मी म्हटलं, एवढं काय झालं? म्हणाली, "कांदा चिरत होते." कांदा मला दिसला नाही.

१८ जुलै

ठरावाची अंमलबजावणी जोरात आहे. उपयोग शून्य. काल तिसऱ्यांदा.

२२ जुलै

जिल्ह्याच्या वन्यजीव मंडळाची बाई येऊन गेली, हेदर नावाची. तिशीची असेल, पण मैदानावर पाय ठेवायच्या आधी बूट काढले, तेव्हाच मला बरी वाटली. पुढे जे बोलली ते मात्र बरं नव्हतं.

म्हणाली, "जमीन विटेसारखी झाली आहे. गांडुळं खोल गेली. सगळ्या गावात एकच जागा ओली आहे, ती तुमची. तुम्ही रोज संध्याकाळी पाणी घालता, गांडुळं वर येतात. तुम्ही त्यांच्यासाठी पान वाढून ठेवताय, मिस्टर प्रीस."

"पाणी नाही घातलं तर गवत मरेल."

"मग तार लावा."

तार नाही, म्हटलं, आणि कारण सांगितलं. तिने हसू दाबलं. मग म्हणाली की काहीही करा पण ओढ्याकाठच्या बिळांना हात लावू नका, बिळं बुजवणं गुन्हा आहे, सहा महिने तुरुंग.

आमच्या स्वयंपाकघरात चहाला बसली तेव्हा तिने विचारलं, "इथे आसपास कोणी त्यांना खायला घालत होतं का? आणि अलीकडे अचानक बंद केलं? तसं असलं की असं होतं. वर्षानुवर्षं एका जागी मिळायचं, ते मिळेनासं झालं की शोधत फिरतात."

मी म्हटलं, छे, इथे असा वेडेपणा कोण करणार.

ग्लेनिस चहा ओतत होती. कप भरला तरी ओततच राहिली, बशीही भरली, टेबलक्लॉथवर गेला. हल्ली तिचे हात थरथरतात बहुतेक. डॉक्टरांना दाखवायला हवं. सामना झाला की बघू.

३० जुलै

पाऊस नाही. हेदर म्हणते म्हणून तीन दिवस पाणी घातलं नाही. गवत पिवळं पडायला लागलं आणि बॅजर तरीही आले. परत पाणी सुरू केलं.

जेवताना ग्लेनिस म्हणाली, "त्यांना दुसरीकडे कुठे खायला ठेवलं तर? मागच्या फाटकाबाहेर, लांब?"

"म्हणजे बोलावणं धाडायचं?"

"ती भुकेली आहे, नेव्ह."

"ती कोण?"

"ते. ते सगळे."

मी म्हटलं, तू पक्ष्यांना दाणे घालून उंदीर आणलेस, आता बॅजरांना घालून अस्वलं आण. विनोद होता. तिने ताट उचललं. माझं अजून संपलं नव्हतं.

९ ऑगस्ट, शनिवार

मधला उंचवटा. आजवर कडा उकरत होते, आज थेट मध्ये. माणूस आडवा झोपेल एवढी जागा. सात दिवस राहिले.

मी तिथे गुडघ्यावर बसलो आणि उठलोच नाही बराच वेळ. खोटं कशाला लिहू, रडलो. छातीवर ते जुनं ओझं बसलं, कारखाना बंद झाल्यानंतरच्या हिवाळ्यात सकाळी उठताना बसायचं ते. अंथरुणातून पाय खाली टाकायचे आणि पुढे काय करायचं तेच कळायचं नाही. मला वाटलं होतं ते गेलं.

गिटिन्स ट्रॅक्टरवरून जात होता, कुंपणापलीकडे थांबला. त्याच्या गायींना दोनदा क्षय झाला, तो बॅजरांकडूनच आला असं धरून तो त्यांच्यावर राग काढतो. म्हणाला, "मी तुला काही सांगितलेलं नाही, नेव्ह. आपण भेटलोही नाही. पण भोक असतं ते बुजवता येतं, एवढं तर कोणीही सांगेल."

१० ऑगस्ट, रविवार

केलं.

पहाटे पाचला हातगाडी घेऊन ओढ्याकाठी गेलो. विटा कुठून आणायच्या हा प्रश्न होता. ग्लेनिसच्या मटारफुलांच्या वाफ्याला मी कारखान्याच्या शेवटच्या दिवशी आणलेल्या लाल विटांची कड आहे. त्या काढल्या. चार बिळं होती, चारही बुजवली. आधी विटा, वरून ओढ्यातली चिकणमाती, पायाने दाबून.

सत्तरीला आलेला माणूस, आयुष्यात कधी चुकीच्या जागी गाडीसुद्धा उभी केली नाही. परत येताना चर्चला जाणाऱ्या मिसेस बेब भेटल्या, मी त्यांना न विचारताच सांगितलं की खत आणायला गेलो होतो. हातगाडी रिकामी होती.

११ ऑगस्ट

मैदानावर एक ओरखडा नाही. उंचवट्यावर मागच्या जागेतलं राखीव गवत आणून बसवलं. मॉरिसने पाठीवर थाप मारली. "शेवटी लसूणच, काय?"

म्हटलं, हो.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आजचं नीट लिहायला हवं.

दुपारी घरी आलो तर ग्लेनिस मटारफुलांच्या वाफ्यापाशी उभी होती. कड नसल्यामुळे माती वाटेवर सांडली होती. तिने माझ्या बुटांकडे बघितलं. त्यांना ओढ्याची लाल चिकणमाती अजून होती.

"किती बुजवलीस?" तिने विचारलं.

खोटं बोलणार होतो, पण तिचा चेहरा बघून जमलं नाही. "चार. सगळी."

"सहा आहेत," ती म्हणाली.

आणि शेडमध्ये गेली, फावडं घेऊन बाहेर आली आणि फाटकातून निघाली. तिच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली, ओढ्याचा उतार ती टाळते. मी मागे धावलो. ग्लेन, थांब, ग्लेन, असं म्हणत. थांबली नाही.

ओढ्याकाठी तिने पहिल्या बिळाच्या मातीत फावडं घातलं, पण चिकणमाती वाळून घट्ट झाली होती. मी फावडं घेऊ लागलो तर देईना. शेवटी मी हातांनीच उकरायला लागलो. कितीतरी वेळ दोघं उकरत होतो. मग मीच विचारलं, "तुला काय माहीत सहा आहेत?"

"दोन त्या एल्डरच्या झुडपामागे आहेत. तुला दिसायची नाहीत. मला माहीत आहेत कारण मी अकरा वर्षं यांना जेवायला घालत होते."

मी उकरायचा थांबलो.

"चावी मिळाली त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात तुझं मैदान उकरलं होतं," ती म्हणाली.

"नव्हतं. अकरा वर्षांत एक नख—"

"उकरलं होतं, नेव्ह. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलं मला. तू झोपला होतास. पाच महिन्यांनी त्या आठवड्यात तू पहिल्यांदा दाढी केली होतीस, आपणहून. मला वाटलं, हा आता हे बघेल आणि परत अंथरुणात जाईल आणि या वेळी उठणार नाही. खिळ्यावरची दुसरी चावी घेऊन गेले, गवत होतं तसं बसवलं, पायाने दाबलं. आणि त्याच दिवशी शेंगदाणे आणले. फाटकाबाहेर थाळीत ठेवायला लागले, रोज संध्याकाळी, तू पबमध्ये गेलास की. पोट भरलं की ते मैदानाकडे जायचे नाहीत."

"पण लसूण—"

"लसूण तू जूनमध्ये सुरू केलास."

ते खरं आहे. जुन्या नोंदवहीत तारीखही सापडेल.

मी विचारलं, सांगितलं का नाहीस. म्हणाली, "सांगणारच होते. मग तू तो लेख लिहिलास. मग भाषण. नवीन टाय घेतलास भाषणासाठी. कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

"एप्रिलमध्ये तरी सांगायचंस. मी पोतं फेकत होतो तेव्हा."

"तू विचारलंस का मला? पोतं उचललंस आणि गाडीत टाकलंस. आणि खरं सांगू? मला राग आला होता. म्हटलं, बघू दे आता याचा लसूण काय करतो ते." मग तिचा आवाज बदलला. "त्यानंतर ते खरंच मैदानावर आले तेव्हा मला घाबरायला झालं. कितीदा ओठांवर आलं. तू रोज इतका... आणि माझ्या मनात येई, हे माझ्यामुळे झालंय. मग सांगायचं आणखीच अवघड झालं."

तिथे एक म्हातारी मादी आहे, मागचा पाय ओढत चालते. सगळ्यांत आधी तीच यायची, ग्लेनिस पायरीवर बसलेली असली तरी यायची, हाताच्या अंतरावर. तू पबमध्ये असायचास, ग्लेनिस म्हणाली, मला तेवढीच सोबत.

चारही बिळं मोकळी केली. माझ्या नखांतून रक्त आलं. आत वाकून बघितलं, हाक मारली. बिळात हाक मारतात का? मी मारली.

१३ ऑगस्ट

सकाळी गिटिन्सच्या दुकानातून, म्हणजे त्याचा भाऊ गुरांचा खुराक विकतो तिथून, शेंगदाण्यांचं पंचवीस किलोचं पोतं आणलं. गाडीतून उतरवताना कंबरेत लचक भरली. अकरा वर्षं ही पोती घरात कोणी आणली आणि शेडमध्ये कोणी नेली, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर होती.

संध्याकाळी पबमध्ये गेलो नाही. पायरीवर दोघं बसलो, थाळी फाटकाबाहेर. अंधार पडेपर्यंत कोणी आलं नाही.

१४ ऑगस्ट

थाळी भरलेली. मैदान साफ.

हेदरला फोन केला. सगळं सांगितलं, विटांसकट. मग तिने विचारलं, "दोन भोकं उघडी होती ना? मग बाहेर पडले असतील. घाबरून दुसरीकडे गेले असतील. परत येतील की नाही ते नाही सांगता येत." पोलिसांना सांगणार का, विचारलं. म्हणाली, "तुम्ही स्वतः सांगितलंत आणि स्वतः उकरलंत. पण मला हे लिहावं लागेल, मिस्टर प्रीस." लिहा म्हटलं.

१५ ऑगस्ट

थाळी भरलेली. वरचे चार दाणे एका खारीने नेले. ग्लेनिस म्हणाली, तिचं वय झालंय, नवी जागा शोधायला तिला जमणार नाही. मी थाळीत नवे चार दाणे घातले.

१६ ऑगस्ट, शनिवार

गवत पाच मिलिमीटर. आकाश निरभ्र.

सकाळी उठून आधी मैदानावर नाही, फाटकावर गेलो. थाळी भरलेली. मग मैदानावर गेलो. इतकं सुंदर ते कधीच दिसलं नव्हतं. दव पडलेलं, एका रंगाचं, एक ओरखडा नाही, मधला उंचवटा तर हात फिरवावासा. सहा आठवडे मी जे मागत होतो ते समोर होतं आणि मला इतकं वाईट वाटलं की फाटकाला धरून उभा राहिलो.

सामना उत्तम झाला. त्याआधीच्या दोस्तीच्या सामन्यात आम्ही पाहुण्यांशी नऊ गुणांनी हरलो, ते नेहमीचंच. कंपनीचा माणूस उन्हात टोपी घालून शेवटपर्यंत बसला, केकचे तीन तुकडे खाल्ले आणि म्हणाला की असं मैदान मोडून डांबर टाकायचं त्याच्या जिवावर येईल, करार पुढे न्यायची शिफारस करतो.

मग चहाच्या तंबूत मॉरिस बोलायला उठला आणि शेवटी म्हणाला, "पाहुण्यांना आमच्या नेव्हिलच्या लसणाचं गुपित ऐकायचं असेल."

उठलो. खिशात टाचण होतं, ते काढलं नाही. म्हटलं, लसणाने काही होत नाही. माझ्या लेखावर विश्वास ठेवून ज्यांनी लसूण शिंपडला त्यांची मी माफी मागतो. हे मैदान अकरा वर्षं माझ्या बायकोने सांभाळलं, रोज संध्याकाळी थाळीभर शेंगदाण्यांवर, आणि मला पत्ता लागू दिला नाही, कारण तेव्हा मला या मैदानाशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं आणि ते तिला माहीत होतं. एप्रिलमध्ये मी ते बंद केलं. त्यानंतर जे झालं ते माझ्यामुळे झालं. गेल्या रविवारी मी बिळं बुजवली. तेव्हापासून ते बॅजर परत आलेले नाहीत.

ग्लेनिस मागे चहाच्या भांड्यापाशी उभी होती, ॲप्रन घालून. तिने मान खाली घातली. मी खाली बसलो.

मॉरिस जरा थांबून म्हणाला, "म्हणजे ते कुंपणापाशी जाणं आता बंद करायचं?"

लोक हसले. मीसुद्धा हसलो असेन.

घरी येताना ग्लेनिसने माझा हात धरला. म्हणाली, "एवढ्या लोकांसमोर सांगायची काय गरज होती, वेड्या?"

१८ ऑगस्ट, सोमवार

काल काही लिहिलं नाही. थाळी भरलेली होती.

आज पहाटे पाऊस झाला, थोडाच. सहाला मैदानाचं फाटक उघडलं. उंचवट्याच्या अगदी मधोमध, नवीन गवत होतं तिथे, खड्डा. गवत मागे गुंडाळलेलं, माती बाजूला उडवलेली, आणि ओल्या मातीत ठसे. पाच बोटं, लांब नखं. मागचा डावा पाय ओढलेला.

मी मैदानाच्या मधून, बुटांसकट, धावत घरी आलो. अकरा वर्षांत असा कधी मैदानावरून धावलो नव्हतो. वाटेत थाळी बघितली. पालथी पडली होती, चाटूनपुसून साफ.

ग्लेनिस चहा ओतत होती.

"आली," मी म्हटलं.

तिने किटली खाली ठेवली. माझ्याकडे बघत राहिली, मग खुर्चीत बसली आणि तोंडावर हात धरला. जरा वेळाने विचारलं, "मैदान उकरलंय का रे?"

"हो."

"किती?"

"खूप," मी म्हटलं.